अर्थ लागेपर्यंत

त्या वर्षी क्लचची केबल दोनदा बदलावी लागली. पहिल्यांदा पेडल जड झालं होतं, दुसऱ्यांदा तर तार आपल्याच आवरणात अडकून बसली. काढून पाहिली तर आतलं प्लॅस्टिकचं अस्तर वितळून तारेला चिकटलेलं. केबल हलक्या प्रतीची असेल, असं सगळे म्हणाले आणि मलाही ते पटलं. त्याच सुमारास गाडी सेल्फ घेताना, म्हणजे किल्ली फिरवून सुरू करताना, कण्हायला लागली होती. पण ही दोन्ही दुखणी एकाच घरातली असतील, असं मनात यायला काही कारण नव्हतं. क्लचच्या केबलचा विजेशी काय संबंध? ती एक पोलादी तार. पेडल दाबलं की ताणते, सोडलं की सैल पडते. तिच्यातून वीज जात नाही.

जात होती.

गाडी पंचवीस वर्षांची आहे आणि मी तिची तिसरी मालकीण. इंजिन अजून निरोगी, पत्रा बराचसा शाबूत. म्हातारपण आलंय ते वायरिंगला. जुन्या गाडीचं इंजिन दमतं तेव्हा आधी आवाज करतं, धूर सोडतं, तेल पितं. त्याच्या तक्रारी ऐकू येतात, दिसतात. वायरिंगचं दुखणं असं समोर येत नाही. ते आज असतं, उद्या नसतं, आणि दाखवायला नेलं की हमखास नसतं.

सेल्फ, म्हणजे इंजिन सुरू करणारी विजेची मोटर, मंद फिरतो म्हटलं की सगळे बॅटरीकडे बोट दाखवतात. मी बॅटरी बदलली. आठवडाभर बरं वाटलं, मग पुन्हा तेच. सेल्फ उघडून त्याचे कार्बन, म्हणजे आतले झिजणारे कार्बनचे तुकडे, बदलून घेतले. थोडा फरक पडला, पंधरा दिवसांत तोही गेला. मग अल्टरनेटर, म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारं यंत्र, बदलण्याचा सल्ला मिळाला. तो मात्र मी मानला नाही, कारण तोवर मी एक मल्टीमीटर घेतला होता आणि इंजिन चालू असताना बॅटरीच्या टोकांवर १४.२ व्होल्ट दिसत होते. चार्जिंगचा दाब, म्हणजे व्होल्टेज, १३.८ ते १४.५ च्या दरम्यान असला की अल्टरनेटर आपलं काम करतोय, एवढं मी वाचलं होतं. त्या एका आकड्याने एक नवाकोरा अल्टरनेटर वाचवला. मीटरवर माझा जीव जडला तो तेव्हापासून.

माझ्या ओळखीत एक निवृत्त ऑटो इलेक्ट्रिशियन आहेत. मी त्यांना काका म्हणते. अल्टरनेटर यायच्या आधी गाड्यांना डायनॅमो असायचे, त्या काळापासून वायरिंग केलेला माणूस. एका रविवारी ते आले. बॉनेट उघडायच्या आधी त्यांनी विचारलं, "वर्षभरात काय काय दुरुस्त केलंस? फक्त विजेचं नको, सगळं सांग."

मी सांगत गेले. टायर, ब्रेकचे पॅड, क्लचची केबल...

"केबल? किती वेळा?"

"दोनदा."

ते थोडा वेळ काही बोललेच नाहीत. मग त्यांनी इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवलं, म्हणजे आता सेल्फ मारला तरी ते पेटणार नव्हतं. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. मला म्हणाले, "इंजिनाच्या फिरत्या पट्ट्यापासून लांब उभी राहा आणि क्लचची केबल मुठीत धर." स्वतः आत बसले आणि किल्ली फिरवली. एक, दोन, तीन सेकंद. चौथ्या सेकंदाला केबल कोमट लागली. सहाव्याला मी हात काढून घेतला.

तो चटका मी विसरणार नाही. इतके महिने मी जे कानांनी आणि तर्काने शोधत होते, ते तळहाताला सहा सेकंदांत कळलं.

घरातल्या विजेला जायला एक वायर लागते आणि यायला दुसरी. गाडीत तसं नसतं. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून दिव्याकडे, हॉर्नकडे, वायपरकडे जाणाऱ्या वायरी असतात. परतीच्या बहुतेक सगळ्या प्रवासासाठी गाडीचा पत्राच वापरलेला असतो. तांबं वाचतं, वजन वाचतं. बॅटरीचं निगेटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं, आणि प्रत्येक उपकरण जवळच्या पत्र्याला. यालाच आपण अर्थ म्हणतो. पण इंजिनाची गोष्ट वेगळी आहे. इंजिन थरथरतं म्हणून ते रबराच्या माउंटिंगवर बसवलेलं असतं, आणि रबरातून वीज जात नाही. म्हणजे सगळ्या गाडीत ज्याला सर्वांत जास्त करंट लागतो तो सेल्फ अशा लोखंडावर बसवलेला आहे, जे बॉडीपासून रबराने तोडलेलं आहे. त्या दोघांना जोडते ती तांब्याच्या बारीक तारा विणून केलेली एक पट्टी. एक टोक इंजिनाला, एक बॉडीला. माझ्या गाडीत ती खाली गिअरबॉक्सजवळ होती. तेल, चिखल, उष्णता आणि पंचवीस वर्षांची थरथर सोसत.

ती पट्टी निकामी झाली की सेल्फचा करंट थांबत नाही. त्याला परत जायचंच असतं. मग इंजिनापासून बॉडीपर्यंत धातूचा जो काही दुवा सापडेल त्यातून तो वाट काढतो. क्लचची केबल गिअरबॉक्सपाशी एका टोकाला आणि बॉडीत पेडलपाशी दुसऱ्या टोकाला. एक्सिलरेटरची केबलही तशीच. या तारा ओझं ओढण्यासाठी केलेल्या आहेत, करंट वाहण्यासाठी नाहीत. त्या तापतात, अस्तर वितळतं, आणि एक दिवस पेडल जड होतं. आपण केबल बदलतो. नवी केबल पुन्हा तेच ओझं निमूटपणे वाहायला लागते.

"अर्थ लागत नाहीये," काका खाली वाकून बघत म्हणाले. त्यांना पट्टीबद्दल म्हणायचं होतं. माझ्या मनात मात्र त्या वाक्याचा दुसरा अर्थही उमटला आणि तो तितकाच खरा होता.

मी म्हटलं, "पण मी ती पट्टी मीटरने तपासली होती. बीप वाजला होता."

वाजला होताच. मीटरचा बीप एवढंच सांगतो की या टोकापासून त्या टोकापर्यंत काहीतरी जोडलेलं आहे. शंभर तारांपैकी एक शिल्लक असली तरी तो वाजतो. काका म्हणाले, "झोपलेल्या माणसाकडे बघून तो लंगडतो का ते कळतं का? त्याला चालायला लाव, मग बघ." त्यांनी मीटर व्होल्टवर ठेवला, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर आणि दुसरं इंजिनाच्या ब्लॉकच्या घासलेल्या धातूवर. सेल्फ मारायच्या आधी शून्य. सेल्फ मारल्यावर जवळजवळ तीन व्होल्ट. इथे ०.२ च्या आसपासच थांबायला हवं होतं.

जॉर्ज ओम या जर्मन शास्त्रज्ञाने १८२७ मध्ये मांडलेला नियम, व्होल्ट म्हणजे करंट गुणिले अवरोध, शाळेत सगळेच शिकतात. मला तो कळला त्या दिवशी. सेल्फ दीडशे अँपिअर ओढत असेल असं धरलं, तर तीन व्होल्ट हरवायला अवरोध लागतो फक्त ०.०२ ओहम. मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच अवरोध त्याच्या दसपट असतो. म्हणजे मीटर ओहमवर ठेवून मी तो दोष जन्मभर शोधला असता तरी दिसला नसता. आणि एवढासा अवरोध दीडशे अँपिअरसमोर आला की तीन गुणिले दीडशे, म्हणजे साडेचारशे वॅटची उष्णता तयार होते. सेल्फ फिरताना बॅटरी साडेदहा व्होल्टवर आली असेल, तर सेल्फच्या वाट्याला साडेसातच येत होते. बॅटरीही चांगली होती, सेल्फही चांगला होता. उपाशी होता, एवढंच.

पट्टी काढली. वरून धड दिसत होती. टोकाची धातूची कडी, म्हणजे लग, जिथे दाबून बसवलेला असतो तिथे वाकवल्यावर निम्म्याहून जास्त तारा कुजून तुटलेल्या निघाल्या, आणि बोल्टखाली गंजाचा तपकिरी थर. पान्हा लावायच्या आधी काकांनी बॅटरीचं निगेटिव्ह सोडवलं होतं. आधी निगेटिव्ह काढायचं, आणि जोडताना ते सगळ्यात शेवटी, हा क्रम त्यांनी मला तीनदा म्हणायला लावला. पॉझिटिव्हवर लावलेला पान्हा चुकून बॉडीला टेकला तर बॅटरी थेट शॉर्ट होते, पान्हा लाल होतो, आणि चार्ज होणाऱ्या बॅटरीतून निघणाऱ्या हायड्रोजनला एक ठिणगी पुरते. निगेटिव्ह आधी सुटलं असेल तर तोच पान्हा बॉडीला कुठेही लागला तरी काही होत नाही. नवी पट्टी लावताना दोन्हीकडचा धातू पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासला, खाली दातेरी वॉशर घातला, घट्ट केलं आणि मग वरून व्हॅसलीन.

पुन्हा मीटर लावला, पुन्हा सेल्फ. ०.१५. सेल्फचा आवाजच बदलला होता. कण्हणं गेलं, खणखणीत फिरला. केबल मी पुन्हा मुठीत धरली होती. थंड होती. मला खरंच भरून आलं.

या यंत्राला सगळेच सेल्फ म्हणतात. इंग्रजीतल्या सेल्फ स्टार्टरचा पहिला शब्द तेवढा टिकला. आधी गाडी सुरू करायची तर पुढे हँडल घालून हातानेच फिरवावं लागे, आणि इंजिनाने उलटा झटका दिला की मनगटं मोडत. चार्ल्स केटरिंग यांनी तयार केलेला विजेवरचा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅकवर आला आणि गाडी आपली आपण सुरू व्हायला लागली. आता प्रत्येक किल्लीमागे असं दीड-दोनशे अँपिअरचं ओझं आहे, आणि ते परत आणायची जबाबदारी कुठेतरी खाली चिखलात लपलेल्या एका पट्टीवर.

त्यानंतर मला परतीची वाट सगळीकडे दिसायला लागली. सगळ्यात सुंदर उदाहरण मागच्या दिव्यांचं. सुंदर म्हणतेय, कारण त्याचं कोडं सुटलं तेव्हा मी अर्धा तास नुसती ब्रेक दाबत आणि सोडत बसले होते, शेजारच्या मुलीला मागे उभं करून. झालं होतं असं की डाव्या बाजूला ब्रेक दाबला की ब्रेकचा दिवा नीट लागायचाच नाही. उलट टेल लॅम्प मंद उजळायचा आणि इंडिकेटरमध्येही अंधुक लाली यायची. इंडिकेटर लावला तर ब्रेकचा दिवा त्याच्या तालावर लुकलुकायचा. भूत शिरल्यासारखं. बल्ब बदलले, इंडिकेटर लुकलुकवणारा फ्लॅशर बदलला, काहीच नाही.

त्या एका दिव्याच्या डब्यात तीन फिलामेंट असतात. ब्रेक आणि टेल मिळून एक बल्ब, २१ आणि ५ वॅटचा, आणि इंडिकेटरचा आणखी एक २१ वॅटचा. तिघांचा अर्थ एकच, डब्याच्या मागून पत्र्यावर स्क्रूने बसवलेला. तो स्क्रू गंजला की ब्रेकचा करंट फिलामेंटमधून जाऊन त्या सामाईक जागी पोहोचतो आणि पुढे दार बंद. मग तो शेजारच्या फिलामेंटमध्ये उलटा शिरतो, टेल लॅम्पच्या वायरीतून मागे जातो, आणि उजव्या बाजूच्या टेल लॅम्पमधून, डॅशबोर्डच्या दिव्यांमधून त्यांच्या चांगल्या अर्थपर्यंत पोहोचतो. इंडिकेटरच्या फिलामेंटमधूनही तसाच, पुढच्या इंडिकेटरपर्यंत. वाटेत दोन-दोन फिलामेंट आल्यामुळे सगळे मंद. ज्या दिव्याला आपण करंट दिलाच नाही तो पेटतो, तो असा. गाडीत असं काही एकमेकांत मिसळलेलं दिसलं, एका बटणाने दुसऱ्याच वस्तूवर परिणाम व्हायला लागला, की आता मी बल्बला हातही लावत नाही. आधी डब्यामागचा तो स्क्रू शोधते. दहा मिनिटांचं काम होतं. चार महिने मी रात्री डावीकडे वळताना मागच्या गाडीला चुकीचा इशारा देत होते, याची मात्र अजून धास्ती वाटते.

एका गोष्टीचा मला राग येतो आणि तो मी लपवणार नाही. आधीच्या कुणीतरी फॉग लॅम्प बसवले होते आणि काढूनही टाकले होते, वायर तशीच. बॅटरीवरून थेट, मध्ये फ्यूज नाही, टोकाला नुसती टेप, आणि ती टेप उन्हाने सुटलेली. त्याहून वाईट म्हणजे फ्यूजच्या डब्यात १५ अँपिअरच्या निळ्या फ्यूजच्या जागी ३० चा हिरवा. फ्यूज सारखा उडतो म्हणून मोठा घालणारे खूप लोक आहेत. फ्यूज उपकरण वाचवण्यासाठी नसतो, वायर वाचवण्यासाठी असतो. १५ अँपिअरची वायर ३० वाहायला लागली की फ्यूज शाबूत राहतो आणि वायर पेटते, तीही गालिच्याखाली, आपण आत बसलेले असताना. उडणारा फ्यूज काहीतरी सांगत असतो. त्याचं ऐकायचं असतं. माझ्या गाडीत तो वायपरच्या वायरीबद्दल सांगत होता: डॅशबोर्डच्या मागे एका पत्र्याच्या कडेवर घासून तिचं आवरण फाटलं होतं.

मीटर चांगला, पण त्याचाही एक फसवा गुण आहे. डिजिटल मीटर जवळजवळ काहीच करंट ओढत नाही, म्हणून एका केसाएवढ्या तारेवर टिकलेली वायरसुद्धा त्याला पूर्ण बारा व्होल्ट दाखवते. बल्ब जोडला की तेच बारा सातावर येतात. म्हणून काकांचं खरं हत्यार म्हणजे २१ वॅटचा साधा बल्ब, दोन वायरी डाग देऊन जोडलेला. तो पावणेदोन अँपिअर मागतो. वायरीत जीव असेल तर लख्ख पेटतो, नसेल तर लालसर राहतो. इंजिनाच्या कॉम्प्युटरकडे जाणाऱ्या वायरींना तो कधीही लावायचा नाही, हे त्यांनी दरवेळी बजावलं. बाकी सगळीकडे तो मीटरपेक्षा प्रामाणिक.

मग बॅटरी उतरण्याचं प्रकरण. गाडी तीन दिवस उभी राहिली की चौथ्या दिवशी सेल्फ नुसता टक् करायचा. बॅटरी तर नवीच. गास्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये शिसं आणि गंधकाम्ल घेऊन जी बॅटरी बनवली, तिचीच ही पणती: सहा खाने, प्रत्येकाचे दोनच्या थोडे वर, मिळून १२.६ व्होल्ट. १२.२ ला आली म्हणजे निम्मी रिकामी. बारा आणि साडेबारा यांत फरक केवढासा वाटतो, पण तिच्या लेखी तो अर्धं पोट आहे.

निगेटिव्ह सोडवून मध्ये मीटर लावला, दहा अँपिअरच्या रेंजवर. इथे घाई चालत नाही. दार उघडायचं नाही, किल्लीला हात लावायचा नाही, सगळं शांत होऊ द्यायचं. घड्याळ आणि रेडिओची आठवण टिकवायला थोडा करंट जातोच. ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर काळजी नाही. माझ्याकडे ४१० दिसत होते. एकेक फ्यूज काढत गेले. सातव्या फ्यूजला आकडा घसरून १८ वर आला. आतल्या दिव्यांचा फ्यूज. पण आतले सगळे दिवे तर विझलेले. मग डिकीचा आठवला. बंद डिकीतला दिवा विझलाय की नाही, हे कुणी कसं पाहायचं? फ्यूज परत लावला, डिकी बंद ठेवून पाऊण तास थांबले, मग उघडल्या उघडल्या बल्बला बोट लावलं. चांगलाच तापलेला. आतला स्विच अडकला होता. पाच वॅटचा तो दिवा म्हणजे ०.४ अँपिअर, चोवीस तासांत जवळजवळ दहा अँपिअर-तास, आणि माझी बॅटरी ४५ ची. बंद डिकीत, कुणी बघत नसताना, तो रोज रात्रभर जळत होता.

गाडीतला माझा सगळ्यात आवडता बल्ब मात्र वेगळा आहे. डॅशबोर्डवर बॅटरीचं लाल चिन्ह असतं ना, किल्ली फिरवल्यावर लागतं आणि इंजिन सुरू झाल्यावर विझतं, तो. पुष्कळ जुन्या गाड्यांत तो नुसता इशारा नसतो. त्याच्यातूनच थोडासा करंट अल्टरनेटरच्या आतल्या चुंबकाला मिळतो आणि अल्टरनेटर जागा होतो. तो बल्ब गेला तर चांगला अल्टरनेटरही झोपूनच राहू शकतो. म्हणून किल्ली फिरवल्यावर तो लागतोय का, हे मी रोज बघते.

काकांनी मला एक वही करायला लावली. तारीख, कुठून कुठपर्यंत मोजलं, काय चालू होतं, किती व्होल्ट हरवले. काय वाटलं ते लिहायचं नाही, फक्त आकडे. सुरुवातीला मला हे कोरडं वाटलं. आता ती वही उघडली की गाडी आतून दिसते, कुठे वाट मोकळी आहे आणि कुठे चिंचोळी होत चाललीय ते. एका जोडाचा आकडा सहा महिन्यांत ०.०८ वरून ०.२१ झाला होता. त्याने अजून काहीच त्रास दिला नव्हता. त्याआधीच मी तो साफ केला.

काल रात्री गाडी भिंतीसमोर उभी करून दिवे लावले. उजवा हेडलॅम्प डाव्यापेक्षा पिवळट, थकलेला. बल्बचं असंच असतं, दाब एक दशांश कमी झाला की प्रकाश जवळजवळ एक तृतीयांश जातो. दिवा चालू ठेवूनच मागे हात घातला, मीटरचं एक टोक त्याच्या अर्थच्या काळ्या वायरीवर, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हवर. ०.९. त्या वायरीचा माग काढत गेले तर ती ग्रिलमागे एका बोल्टपाशी पोहोचली, वर रंगाचा जाड थर. कधीतरी पत्रा रंगवला गेला तेव्हा बोल्टसकट रंगवलेला दिसतो.

वहीत लिहून ठेवलंय. सकाळी उजेड झाला की पॉलिश पेपर घेऊन बसेन. आधी निगेटिव्ह काढायचं.